सामायिक साठ्याची जोडणी आणि दोन दिवसांच्या चित्रांची हकिगत

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत प्रशासनातर्फे आम्ही खाटांची संख्या, शस्त्रक्रिया, मोफत उपचार आणि नवी उपकरणे यांचा आढावा घेतो. तो आढावा यंदाही अहवालाच्या तक्त्यांत दिलेला आहे व तो आपण सवडीने वाचालच. आज मात्र आम्ही आपला वेळ एका वेगळ्याच वस्तूसाठी मागत आहोत. पहिल्या मजल्यावरील जुन्या धुलाईच्या कपड्यांच्या खोलीत एक काळी धातूची पेटी बसविलेली आहे. तिच्यात डिस्का आहेत, तिला दोन केबली जोडलेल्या आहेत आणि ती दिवसरात्र पंख्यासारखा आवाज करते. संगणकीकरणासाठी आपण दिलेल्या देणगीचा मोठा हिस्सा या पेटीवर खर्च झाला. जमाखर्चात ‘नेटवर्क साठवण यंत्रणा’ एवढीच नोंद पाहून अनेकांनी आम्हांस विचारणा केली, की हे नेमके काय आहे आणि रुग्णाला त्याचा उपयोग कोणता?

विचारणा रास्त आहे. शिवाय याच पेटीच्या बाबतीत गेल्या पावसाळ्यात आमच्याकडून एक चूक घडली. तिची नोंद कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही. म्हणून ती येथे स्वतःहून सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. आम्ही वाणिज्य शाखेचे. रोजकीर्द आणि खतावणी यांत आयुष्य गेले. तेव्हा संगणकाविषयी जे सांगू ते अभियंत्याच्या भाषेत नसून हिशेबनिसाच्या भाषेत असेल, ते गोड मानून घ्यावे.

पूर्वी क्ष-किरण चित्राची फिल्म खाकी पाकिटात घालून रुग्णाच्या हाती दिली की रुग्णालयाची जबाबदारी बहुतांशी संपत असे. पाकीट घरी पत्र्याच्या पेटीत, गादीखाली किंवा माळ्यावर जाई, आणि पुढल्या वेळी डॉक्टरांनी मागितले की सापडत नसे. आता चित्रे संगणकात राहतात. सीटी स्कॅनचे एक काप-चित्र साधारणपणे ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचे असते व प्रत्येक बिंदूला दोन बाइट लागतात. म्हणजे एक चित्र अर्ध्या मेगाबाइटचे. एका तपासणीत असे ५०० काप घेतले तर अडीचशे मेगाबाइट झाले. त्यात सोनोग्राफी, डिजिटल क्ष-किरण आणि स्कॅन केलेले केस पेपर मिळवा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णाचे अभिलेख तीन वर्षे जपावे लागतात आणि रुग्णाने मागणी केल्यास ते ७२ तासांत द्यावे लागतात. याशिवाय मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करावी लागते. त्या प्रत्येक रुग्णाचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिकेची प्रत, बिल आणि सवलतीचा हिशेब धर्मादाय आयुक्त कार्यालयाला दाखविता आला पाहिजे. तो कागद हरवला तर दिलेली सेवा हिशेबात सिद्ध होत नाही.

हे सर्व पूर्वी तीन निरनिराळ्या संगणकांच्या पोटात होते. बिलांचा एक, प्रयोगशाळेचा एक आणि चित्रांचा एक. एकाची डिस्क भरून ओसंडत असताना दुसऱ्याची निम्मी रिकामी असे, आणि एक यंत्र बंद पडले की त्याच्या पोटातील सर्व काही दुरुस्तीपर्यंत अडकून पडे. म्हणून आम्ही एकच सशक्त सर्व्हर घेतला, त्यावर तीन स्वतंत्र लिनक्स प्रणाली आभासी यंत्रांच्या रूपाने बसविल्या आणि तिघींचा साठा त्यांच्या बाहेर, या काळ्या पेटीत, नेटवर्कमार्गे ठेवला. काम करणारे यंत्र वेगळे आणि जपणारे यंत्र वेगळे.

ही जोडणी कशी असते ते समजल्याखेरीज पुढील प्रसंग समजणार नाही. बाजारपेठेत एखाद्याचे दुकान एका गल्लीत आणि गोदाम मागच्या गल्लीत असते. दुकानाच्या मागील दारातून एक बोळ गोदामाला जातो. गुमास्त्याला सांगितलेले असते, की माल आला की मागच्या दाराने आत ठेवायचा. लिनक्समध्ये असे मागचे दार म्हणजे एक रिकामी फोल्डर असते. तिच्यावर पेटीतील साठा ‘माउंट’ केला, म्हणजे जोडला, की त्या दारातून थेट गोदाम दिसू लागते. परंतु जोडणी झाली नसली तरी दार असतेच. ते उघडते, फक्त त्यामागे गोदामाऐवजी दुकानाचीच एक लहानशी पडवी असते. आणि गुमास्ता जर नुसता सांगितल्या कामाचा असेल, तर तो माल निमूटपणे पडवीत ठेवत राहतो.

नेमके तेच घडले. एका वादळी रात्री वीज गेली. जनरेटर सुरू होण्यास विलंब झाला आणि यूपीएसची बॅटरी जुनी असल्याने तेवढ्या वेळात संपली. (ती बदलण्याचा प्रस्ताव आमच्याच टेबलावर पडून होता, हेही नमूद करतो.) वीज परतल्यावर सर्व्हर दोन मिनिटांत उठला. पेटी मात्र प्रत्येक डिस्क तपासूनच सेवेस तयार होते व तिला बराच अधिक वेळ लागतो. सर्व्हरवरील चित्रांच्या प्रणालीने साठा जोडून पाहिला, पेटीने उत्तर दिले नाही, आणि साठा न मिळाला तरी अडून न राहता पुढे चालू व्हावे अशी सूचना असल्यामुळे ती पुढे चालू झाली. ही सवलत अभियंत्यांनी आमच्याच आग्रहावरून दिली होती. कारण त्यापूर्वी एकदा प्रणाली साठ्याची वाट पाहत अर्धा तास अडून बसली होती आणि ओपीडीत रांग लागली होती.

सकाळी तंत्रज्ञ म्हणाला, “साहेब, जुनं काही उघडत नाही, पण नवं जातंय.” यादीत रुग्णांची नावे दिसत होती, कारण यादी वेगळ्या ठिकाणी होती. नवे काम होत आहे ना, मग नेटवर्क मंद असेल, दुपारपर्यंत येईल, असे आम्ही म्हणालो. आज मागे वळून पाहता त्या एका वाक्यात सर्व निदान होते. गुमास्त्याला जुना माल दिसत नाही, म्हणजे तो गोदामात उभाच नाही!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडवी भरली. सर्व्हरची स्वतःची डिस्क मुळात लहान. ती पूर्ण भरताच चित्रांचे काम थांबले. बाहेरून बोलावलेल्या अभियंत्याने प्रणाली बंद करून पुन्हा सुरू केली. एव्हाना पेटी व्यवस्थित चालू होती, त्यामुळे जोडणी झाली, जुनी सर्व चित्रे दिसू लागली आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकून घरी गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ आमच्या खोलीत आले. त्यांच्या वृद्ध मातोश्री घसरून पडल्या होत्या व वादळाच्या दुसऱ्या रात्री त्यांच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला होता. अहवाल टंकलिखित मिळाला होता. पण मोठ्या शहरातील मेंदू-शल्यविशारदांना दाखविण्यासाठी चित्रे हवी होती आणि दुपारच्या गाडीने त्यांना निघायचे होते. यादीत मातोश्रींचे नाव होते, चित्र उघडत नव्हते. थोड्याच वेळात कळले, की त्या दोन दिवसांतील कोणाचेच चित्र उघडत नाही. आम्ही त्यांना म्हणालो, की चित्रे सापडत नाहीत, स्कॅन पुन्हा करू, अर्थातच शुल्क न घेता. ते गृहस्थ रागावले नाहीत. म्हणाले, “पैशाचं नाही हो साहेब. आईला पुन्हा त्या मशिनीत घालायचं का?”

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. किरणोत्सर्गाचा मारा पुन्हा, स्ट्रेचरवरची उचलाउचल पुन्हा, आणि कारण काय, तर आमची वीज गेली होती!

उत्तर आमच्या क्ष-किरण विभागातून आले. सीटीचे यंत्र स्वतःच्या डिस्कवर अलीकडील तपासण्या काही दिवस ठेवत असते, जुन्या पुसून नव्यांना जागा करीत असते. तेथून त्या मातोश्रींची चित्रे पुन्हा पाठविता आली, सीडीवर उतरविली गेली आणि गृहस्थांना गाडी मिळाली. पण सर्वच विभागांत असे नशीब नव्हते. सोनोग्राफीच्या एका जुन्या यंत्रावरील जागा मोकळी करण्यासाठी आदल्या रात्रीच चित्रे पुसण्यात आली होती. त्यांत गरोदर स्त्रियांच्या तपासण्या होत्या.

ती सापडली ती हिशेबामुळे, असे म्हटले तर आत्मप्रौढी वाटेल. पण घडले ते असे. अभियंता सर्व्हरची डिस्क तपासत होता. डिस्क सांगत होती की ती पूर्ण भरलेली आहे. परंतु दिसणाऱ्या सर्व फायलींची बेरीज केली तर ती निम्मीही होत नव्हती. तो बुचकळ्यात पडला. आम्हांस मात्र ही जात ओळखीची वाटली. तेरीज जुळत नसेल तर फरक कोठेतरी बसलेलाच असतो, फक्त आपण चुकीच्या पानावर शोधत असतो. आम्ही एवढेच विचारले, की न दिसणारी अशी एखादी जागा या यंत्रात असू शकते काय? तो क्षणभर थांबला, त्याने पेटीची जोडणी सोडविली आणि त्याच रिकाम्या म्हणून समजलेल्या फोल्डरमध्ये पाहिले. दोन दिवसांची सर्व चित्रे तेथे होती. गोदामाचा दरवाजा पुन्हा बसविताना पडवी त्यामागे झाकली गेली होती, इतकेच. भरलेल्या डिस्कमुळे अर्धवट राहिलेली शेवटची काही चित्रे वगळता बाकी सर्व पेटीत हलविता आली. त्या शेवटच्या रुग्णांना आम्ही स्वतः दूरध्वनी करून बोलावले.

चित्रे सापडल्याच्या आनंदात एक गोष्ट आमच्या ध्यानात आठवडाभर आली नाही आणि आली तेव्हा झोप उडाली. रोज रात्री चित्रांची एक प्रत दुसऱ्या इमारतीतील लहान साठ्यावर घेतली जाते. प्रत घेणारा कार्यक्रम त्याच मागच्या दाराने आत पाहतो. त्या दोन रात्री त्याला जवळजवळ रिकामी पडवी दिसली. अशा कार्यक्रमांना एक सोय असते, की मूळ जागी जे नाही ते प्रतीतूनही काढून टाकावे, म्हणजे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या राहतात. ऐकायला ही सोय नीटनेटकी वाटते. ती आमच्याकडे चालू असती तर कार्यक्रमाने इमानदारीने आमची जुनी प्रत पुसून टाकली असती. ती चालू नव्हती. पण हे कोणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे, तर ती चालू करण्याचे राहून गेले होते म्हणून. या राहून गेलेल्या कामाबद्दल कोणाचे आभार मानावेत हे आम्हांस अद्याप कळलेले नाही.

त्यानंतर केलेल्या सुधारणा खर्चाच्या दृष्टीने नगण्य आहेत. चित्रांची प्रणाली आता साठा जोडला गेल्याची खात्री झाल्याखेरीज सुरूच होत नाही. त्या रिकाम्या फोल्डरवर लिनक्समधील एक कायमची मनाई लावली आहे. जोडणी नसताना तेथे कोणीही, अगदी प्रणालीचा सर्वाधिकारी वापरकर्ताही, अनवधानाने काही लिहू शकत नाही. पेटीत एक छोटी ओळखीची फाइल ठेवली असून दर पाच मिनिटांनी ती वाचून पाहिली जाते; वाचता आली नाही तर तीन जणांच्या मोबाइलवर संदेश जातो, त्यांत आमचाही क्रमांक आहे. वीज परतल्यावर आधी स्विच, मग पेटी आणि शेवटी सर्व्हर हा क्रम खोलीच्या दारावर मराठीत लिहून लावला आहे. यूपीएसची बॅटरी बदलली.

एक निर्णय मात्र कर्मचाऱ्यांना रुचलेला नाही. नेटवर्कवरील साठा काम चालू असताना मध्येच दिसेनासा झाला, तर लिनक्सला दोन प्रकारे वागायला सांगता येते. एक म्हणजे थोडा वेळ वाट पाहून, काम जमले नाही असे कळवून मोकळे व्हावे. दुसरे म्हणजे साठा परत येईपर्यंत थांबून राहावे, मग पडदा गोठला तरी चालेल. पहिल्या प्रकारात काम वाहते राहते, पण अर्धवट लिहिलेली फाइल पूर्ण समजली जाण्याचा धोका असतो. आम्ही दुसरा प्रकार स्वीकारला आहे. त्यामुळे क्वचित पडदा गोठतो, रांगेतील मंडळी वैतागतात आणि खिडकीवरच्या मुलीला बोल खावे लागतात. आपल्यापैकी कोणावर ती वेळ आली तर तो बोल तिला न लावता आम्हांस लावावा.

आता आमच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांच्या प्रश्नाकडे वळतो. त्यांचे आयुष्य बँकेत गेले. त्यांनी विचारले, “आमच्याकडे मेनफ्रेम होता, असले प्रकार कधी ऐकले नाहीत. तसे काही घेता आले नसते का?” किंमत विचारण्याचेही धाडस आम्ही केले नाही; पण प्रश्न इतका चांगला होता, की आम्ही त्याविषयी वाचन केले.

काम करणारे यंत्र आणि साठा वेगळे ठेवण्याची शिस्त मेनफ्रेमच्या जगात फार जुनी आहे. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० जाहीर केली, तेव्हापासून त्या घराण्यातील यंत्रे आपल्या डिस्कांशी ‘चॅनल’ नावाच्या स्वतंत्र मार्गाने बोलत आली आहेत. १९९९ च्या अखेरीस आयबीएमने याच घराण्यासाठी लिनक्स खुले केले आणि पुढे एका मेनफ्रेमवर झेड/व्हीएम या व्यवस्थेखाली शेकडो लिनक्स प्रणाली एकत्र नांदू लागल्या. आपल्या सर्व्हरवर तीन नांदतात, तेथे शेकडो, तत्त्व तेच. अशा लिनक्सला फायबर चॅनलच्या सामायिक साठ्याशी जोडताना तीन गोष्टी नेमक्या सांगाव्या लागतात: आपले कोणते कार्ड वापरायचे, साठ्याच्या कोणत्या दाराशी जायचे आणि आत गेल्यावर कोणता कप्पा उघडायचा. दाराचा क्रमांक जगभरात एकमेव असतो. मधल्या स्विचवर कोणी कोणाशी बोलावे हे ठरविले जाते, साठ्यावर कोणाला कोणता कप्पा दाखवावा हे ठरविले जाते, आणि दोन स्वतंत्र स्विचमधून दोन वाटा ठेवल्या जातात, म्हणजे एक तुटली तरी दुसरीने काम चालते. बँकेतील लॉकरची पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

पण या व्यवस्थेतही एक उणीव बराच काळ होती. एकाच कार्डावरून अनेक लिनक्स प्रणाली साठ्याकडे जात, तेव्हा साठ्याला त्या सर्वांचा क्रमांक एकच दिसे. दारावर येणारा माणूस हिशेब खात्याचा की भांडार खात्याचा हे साठ्याला ओळखता येत नसे. २००५ साली आलेल्या सिस्टिम झेड९ मध्ये एकाच कार्डावर प्रत्येक प्रणालीला स्वतःचा क्रमांक देण्याची सोय झाली आणि मग कप्पे खऱ्या अर्थाने वेगळे राखता येऊ लागले.

हे वाचून आम्ही आमच्याच पेटीकडे पुन्हा पाहिले, आणि तीच उणीव आमच्याकडेही निघाली. आमच्या जोडणीत साठा वापरकर्त्याला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखतो. बिलांच्या प्रणालीत पहिला निर्माण केलेला वापरकर्ता क्रमांक १००१, प्रयोगशाळेच्या प्रणालीतही पहिला १००१. पेटीच्या लेखी दोघे एकच. म्हणजे बिलांच्या बाजूने एखाद्याने मनात आणले असते तर प्रयोगशाळेतील फायली, त्यांत एचआयव्ही तपासण्याही आल्या, उघडता आल्या असत्या. तसे कोणी केल्याची खूण आम्हांस सापडली नाही. आता तिन्ही प्रणालींतील क्रमांक वेगवेगळे केले आहेत आणि प्रत्येक प्रणालीला साठ्यातील केवळ तिचाच भाग जोडता येईल असे बंधन घातले आहे. विश्वस्तांच्या प्रश्नाने झालेला हा लाभ मेनफ्रेमच्या किमतीपेक्षा पुष्कळच स्वस्त पडला.

मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांना आम्ही सरळ दिले: आमच्याकडील चूक मेनफ्रेमने टळली नसती. त्यावरील लिनक्सचेही मागचे दार असेच असते आणि जोडणी नसेल तर त्यामागेही पडवीच असते.

देणगीदारांपैकी काहींनी असेही विचारले, की पेटीत एक डिस्क बिघडली तरी माहिती जात नाही, मग वेगळी प्रत घेण्यावर पुन्हा खर्च कशासाठी? अनेक स्वस्त डिस्का एकत्र बांधून एकीच्या बिघाडाची झळ लागू न देण्याची ही रेड नावाची पद्धत १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी मांडली. ती डिस्क मरण्यापासून वाचविते. माणसाने चुकून पुसलेले, किंवा खंडणीखोर कार्यक्रमाने कुलूपबंद केलेले, ती वाचवीत नाही. तो बदल ती सर्व डिस्कांवर तितक्याच निष्ठेने उतरविते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातील त्या अग्रगण्य संस्थेलाही अनेक दिवस कागदावर काम करावे लागले. म्हणून दर शनिवारी आम्ही एक प्रत सुट्या डिस्कवर घेतो, ती केबलीपासून सोडवितो आणि संस्थेच्या कार्यालयातील लोखंडी कपाटात ठेवतो. जी डिस्क कोठेही जोडलेली नाही, तिच्यापर्यंत नेटवर्कवरून कोणालाही पोहोचता येत नाही.

मात्र प्रत घेतली म्हणजे ती वाचता येते असे नाही. दर तीन महिन्यांनी, एका रविवारी, कपाटातील डिस्क काढून तीवरून कोणत्याही दहा रुग्णांची चित्रे व कागद परत मिळवून पाहण्याचा परिपाठ आम्ही सुरू केला आहे. पहिल्या रविवारी दहापैकी नऊ मिळाले. दहावा कागद एका निर्धन रुग्णाचा उत्पन्नाचा दाखला होता. तो प्रतीत नव्हता, कारण तो स्कॅनच झालेला नव्हता, काउंटरवरच्या खणात घडी करून पडला होता. हा दोष कोणत्याही यंत्रणेचा नाही. तो आता स्कॅन झाला आहे आणि काउंटरचे खण दर शुक्रवारी रिकामे करण्याचा लेखी आदेश काढला आहे.

पुढील वर्षी दुसरा स्विच घेण्याचा प्रस्ताव मंडळापुढे आहे. आज सर्व्हर आणि पेटी यांच्यात एकच वाट आहे. तो स्विच बंद पडला तर तिन्ही प्रणाली थांबतील. अंदाजित रक्कम अहवालाच्या अंदाजपत्रकात दिलेली आहे. त्यासाठी वेगळे आवाहन आम्ही करीत नाही, नेहमीच्या उपकरण निधीतून ते भागेल.

सभेनंतर ज्यांना ही पेटी प्रत्यक्ष पाहावयाची असेल त्यांनी अवश्य यावे. खोली लहान आहे, एका वेळी चौघांहून अधिक मावत नाहीत, आणि आतल्या वातानुकूलनामुळे थोडे गार वाटेल. दाराशी नोंदवही ठेवली आहे. तीत नाव आणि वेळ लिहूनच आत सोडले जाईल. अध्यक्ष महोदयांनीही काल लिहिले आहे.